पोहरा नाही आणि विहीर खोल आहे

नेरुळहून एका ताईंनी विचारलं आहे: "मी ख्रिस्ती नाही. आजीच्या हरिपाठात वाढले, शाळा मात्र कॉन्व्हेंटची. 'देवाचे राज्य तुमच्यामध्ये आहे' हे येशूचं वाक्य तेव्हापासून डोक्यात आहे. दोन वर्षांपूर्वी मराठी बायबल आणलं, उत्पत्तीपासून सुरुवात केली आणि लेवीयात अडकले. या पुस्तकात आतला देव नेमका कुठे सापडतो? गूढ अर्थ कळायला काही वेगळी किल्ली लागते का? आणि बाप्तिस्मा न घेता असं वाचन केलेलं चालतं का?"

ताई, लेवीयात, म्हणजे यज्ञ आणि नियमांच्या त्या तिसऱ्या पुस्तकात, सगळेच अडकतात. आमच्या गुरुवारच्या बैठकीला येणाऱ्या दर दुसऱ्या माणसाचं बायबल निर्गमापर्यंत मळलेलं आणि पुढे कोरं करकरीत असतं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग वाचायचं हे पुस्तकच नव्हे. ते कपाट आहे. आम्हा कॅथलिकांच्या कपाटात ७३ पुस्तकं, प्रॉटेस्टंटांच्या कपाटात ६६. आधी कुठल्या फळीवर हात घालायचा, एवढं कळलं की अर्धी दमछाक वाचते.

माझ्याबद्दल थोडं सांगतो, म्हणजे माझं बोलणं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी धर्मगुरू नाही, पंडितही नाही. ठाण्यातला ईस्ट इंडियन, म्हणजे इथलाच मराठी बोलणारा ख्रिस्ती, वागळे इस्टेटमध्ये टूलरूममध्ये आयुष्य गेलं. एका म्हाताऱ्या फादरांनी मला हे वाचन शिकवलं आणि गेली बावीस वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये सात-आठ जण जमून तेच करतो. ग्रीक, हिब्रू मला येत नाही. जे चार शब्द कळतात ते फादरांनी समजावले म्हणून.

आता किल्लीचं. 'गूढ' या शब्दानेच घोटाळा होतो. गूढ म्हटलं की आपल्याला कोडं वाटतं, कुलूप वाटतं. ज्या ग्रीक शब्दावरून हा सगळा प्रकार आला त्याचं नातं मिटण्याशी आहे, डोळे मिटणं, ओठ मिटणं. सुरुवातीला मीही किल्लीच शोधत होतो. दोन जाड वह्या भरल्या होत्या. योहानाने लिहिलेल्या येशूचरित्राच्या शेवटच्या अध्यायात जाळ्यात १५३ मासे सापडतात, ते १५३ च का; नोहाच्या तारवाला तीनच मजले का; असलं बरंच काही. पहाटे पाच ते सहा मी वहीत आणि सहा वाजता दुधाची पिशवी फाटकी आली म्हणून दूधवाल्यावर आवाज चढलेला. बायको एकदा म्हणाली, "तासभर देवाशी बोलता आणि मग दिवसभर आमच्याशी नीट बोलत नाही." वह्या अजून माळ्यावर आहेत. त्यातलं काही चूक होतं असं नाही, पण त्यातून पाणी लागलं नव्हतं.

पाण्याचा विषय मुद्दामच काढला. तुम्ही उत्पत्ती वाचलं आहे, तर सव्विसावा अध्याय पुन्हा काढा. अब्राहामाने खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी माती टाकून बुजवलेल्या असतात. इसहाक त्या पुन्हा उकरतो आणि बापाने ठेवलेलीच नावं त्यांना परत देतो. नंतर त्याचे नोकर आणखी खणतात, तिथे स्थानिक गुराखी भांडायला येतात, म्हणून एका विहिरीचं नाव एसेक म्हणजे भांडण, दुसरीचं सितना म्हणजे वैर. तिसरीवर कोणी भांडत नाही, तिचं नाव रहोबोथ, ऐसपैस जागा. वरवर पाहिलं तर पाण्याच्या हक्काची तक्रार. आपल्याकडच्या तहसील कचेरीत शोभेल अशी.

तिसऱ्या शतकात ओरिजेन नावाच्या आचार्याने, मूळचा अलेक्झांड्रियाचा, या अध्यायावर प्रवचन केलं. त्याचं म्हणणं असं की प्रत्येक जिवात जिवंत पाण्याची एक विहीर आहे आणि आपणच पलिष्टी होऊन तिच्यात माती लोटतो. पाणी बाहेरून आणायचं नाही, माती काढायची. त्यानंतर हजारएक वर्षांनी जर्मनीत माइस्टर एकहार्ट नावाच्या साधूने ओरिजेनचं नाव घेऊन हेच पुढे नेलं: माती पडली म्हणून झरा मरत नाही, तो खाली जिवंतच असतो, माती काढली की दिसतो. शास्त्राच्या गूढ वाचनावर मी जे काही वाचलं त्यात मला सगळ्यात उपयोगी पडलेलं हे एक चित्र. तुमच्या 'कुठे सापडतो' या प्रश्नाचं उत्तर मी त्यातच देईन. शास्त्राचं पान म्हणजे फावडं. खणायचं स्वतःत.

मला हे पटकन पटलं त्याला कारण आहे. आमच्या गावठाणात एक विहीर होती. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणतात; बायका नटूनथटून, वाजतगाजत विहिरीवर जातात, त्या पाण्याने नवऱ्यामुलाला किंवा नवरीला आंघोळ. शेजारी इमारत उठली तेव्हा तिच्या कामाचं रॅबिट, म्हणजे राडारोडा, हळूहळू त्या विहिरीत गेलं. एका रात्रीत नाही, दोन-तीन वर्षांत. कोणी कोणाला विचारलं नाही, आम्हीही अडवलं नाही. आता उंबराचं पाणी नळावरून भरतात, बँड मात्र पहिल्यासारखाच वाजतो. पण पावसाळ्यात त्या जागेवरच्या फरश्या अजून ओल धरतात. ओरिजेनचं प्रवचन फादरांनी सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यासमोर त्या फरश्या आल्या.

आता तुमचं वाक्य, लूक १७:२१. परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहुदी, विचारतात, देवाचं राज्य केव्हा येणार? येशू म्हणतो, ते दिसेल अशा रीतीने येत नाही, 'पाहा, इथे आहे, तिथे आहे' असं कोणी म्हणणार नाही. ते तुमच्यामध्ये आहे. इथला ग्रीक शब्द 'एन्तोस' नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, दोनदाच येतो. दुसऱ्या ठिकाणी, मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात, तो प्याल्याच्या आतल्या बाजूसाठी आहे. त्यामुळे 'तुमच्या आत' की 'तुमच्या मधोमध, तुमच्यात उभं' यावर पंडितांचा जुना वाद आहे. इंग्रजी भाषांतरकाराला एक बाजू घ्यावीच लागते. मराठीला गरज पडत नाही! 'तुमच्यामध्ये' म्हटलं की दोन्ही झालं. घरात चौघं बसलेली असताना 'तुमच्यामध्ये काय चाललंय' विचारलं तर एक अर्थ, आणि एकट्याला 'तुझ्यामध्ये काहीतरी आहे' म्हटलं तर दुसरा. मी दोन्ही धरून वाचतो. आणि लक्षात घ्या, हे वाक्य आवडत्या शिष्यांना नाही, तिरकस प्रश्न विचारणाऱ्यांना सांगितलं आहे.

प्रत्यक्ष वाचायचं कसं, हे मी जरा लांबवतो, कारण लोक नेमकं हेच उरकून टाकतात.

मोठ्याने वाचा. निदान ओठ हलले पाहिजेत. बायबलमधल्या पहिल्या स्तोत्रात धन्य माणूस देवाच्या नियमशास्त्राचं रात्रंदिवस मनन करतो असं आहे. मनन म्हटलं की आपल्याला गप्प बसलेला माणूस दिसतो. पण तिथला हिब्रू शब्द 'हागा' यशयाच्या ग्रंथात सिंहाच्या गुरगुरण्याला वापरला आहे आणि पारव्याच्या घुमण्यालाही. म्हणजे मनन हा आवाज आहे, पुटपुटणं आहे. तुमच्या आजी हरिपाठ मनात वाचत नसणार. ठाण्याच्या शार हाशामाइम सिनगॉगमध्ये, म्हणजे यहुद्यांच्या १८७९ सालच्या प्रार्थनामंदिरात, आपले मराठी बोलणारे बेने इस्रायली लोक हीच स्तोत्रं मूळ हिब्रूत म्हणतात. नुसत्या डोळ्यांनी वाचणारी आपली पिढी या बाबतीत जरा अपंगच.

थोडं वाचा. आठ-दहा ओळी पुरे. बाराव्या शतकात कार्थुसियन मठातल्या दुसऱ्या गिगो याने या वाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना, आणि ज्याला आपण निवांत दर्शन म्हणू ती अवस्था. त्याची उपमा जेवणाची आहे. वाचनाने घास तोंडात जातो, मननाने चावला जातो, प्रार्थनेने चव सुटते, आणि चौथ्या पायरीवर उरतो तो नुसता गोडवा. मध्ययुगातले साधू मननाला सरळ रवंथ म्हणायचे. मला हा शब्द आवडतो. गाय रवंथ करते तेव्हा तिच्यासमोर चारा नसतो. सकाळीच खाल्लेलं वर आणून ती डोळे अर्धे मिटून चघळत असते. तुम्हालाही वाचन पहाटे आणि रवंथ ठाणे–वाशी गाडीत, असं जमेल. पायऱ्या मात्र मोजत बसू नका. चौथी पायरी आपण चढत नाही, तिथे उचलून नेतात. आणि कित्येक दिवस नेत नाहीत.

सुरुवातीला लेवीय राहू द्या. योहानाचा चौथा अध्याय घ्या, ओव्या ५ ते १५. (आमच्यात 'वचन' म्हणतात, पण तुम्ही हरिपाठातल्या, तुम्हाला ओवी म्हटलेलं चालेल. फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं तेही ओव्यांतच.) भाषांतर कुठलंही चालेल. बायबल सोसायटीचं जुनं 'पवित्र शास्त्र' कानाला भारदस्त वाटतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' पहिल्यांदा वाचणाऱ्याला सोपं जातं.

गोष्ट अशी. येशू दमून याकोबाच्या विहिरीवर बसला आहे, भर दुपारची वेळ. एक शोमरोनी बाई, म्हणजे यहुदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत त्या लोकांतली, पाणी भरायला येते. तो तिच्याकडे पाणी मागतो. यहुदी पुरुषाने शोमरोनी बाईकडे पाणी मागणं म्हणजे काय, हे आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. पाणवठ्याचं राजकारण या मातीला चांगलं ठाऊक आहे, महाडचं चवदार तळं इथून काही फार लांब नाही. तर पहिली पायरी ही: जे लिहिलंय ते लिहिलंय तसं वाचा. ऊन, तहान, जातीची भिंत. हे न वाचता जो थेट आत्मा-परमात्म्यावर उडी मारतो तो पाण्यावर नाही, हवेत पोहतो.

मग पुटपुटत पुन्हा वाचा. कुठल्या तरी शब्दाशी जीभ अडते. सगळ्यांची एकाच ठिकाणी अडत नाही. माझी पहिल्यांदा अडली ती बाईच्या उत्तरावर: "महाराज, पाणी काढायला आपल्याजवळ पोहरा नाही आणि विहीर खोल आहे." तेव्हा माझं वय चाळिशीचं, कारखान्यात संप, घरात आईचं आजारपण. मी महिनाभर त्या एका ओळीच्या पुढे गेलो नाही. माझ्याजवळ पोहरा नाही. विहीर खोल आहे. ती त्याला सांगत होती, मी मला सांगत होतो. आणि एका पहाटे, काही दिव्य प्रकाश वगैरे न पडता, असं वाटलं की मागणारा तो आहे. तहान त्याला लागली आहे. मी इतके दिवस माझ्या तहानेचीच प्रार्थना करत होतो. त्या दिवशी त्यापुढे काही शब्द आले नाहीत आणि यावेत असं वाटलंही नाही. बस्स, एवढंच. पण ते 'एवढंच' अजून पुरतं आहे.

चौदाव्या ओवीत येशू म्हणतो की तो जे पाणी देईल ते पिणाऱ्या'मध्ये' उपळत्या पाण्याचा झरा होईल. पुन्हा तोच 'मध्ये'. बाई विहिरीवर आली आणि विहीरच तिच्यात निघाली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आपण हसून म्हणतो. इथे काखेत खरोखरच घागर आहे.

पुढे त्या बाईचे पाच नवरे निघतात. संत ऑगस्टिनने आपल्या प्रवचनात ते पाच नवरे म्हणजे पाच इंद्रियं असा अर्थ सांगितला आहे. मला विचाराल तर हा अर्थ सुबक आहे, पण तो बाईला पुसून टाकतो. पाच जणांच्या घरी राहून सहाव्याकडे आलेली एक जिवंत बाई उन्हात उभी आहे आणि आपण तिचं कोष्टक करतोय. माझ्या वह्यांत असंच व्हायचं. याच ऑगस्टिनने आपल्या आत्मकथनात मात्र देवाला उद्देशून लिहिलं आहे की तू माझ्या अगदी आतल्यापेक्षाही आत होतास, आणि तू आत होतास तेव्हा मी बाहेर होतो. तो ऑगस्टिन माझा.

वागळे इस्टेटमध्ये आम्ही रोज एक काम करायचो. सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट पाटावर, प्रशियन ब्लू या निळ्या रंगाचा पातळ हात मारायचा, जॉब, म्हणजे हातातला धातूचा भाग, तिच्यावर हलकाच घासायचा आणि उलटा करून बघायचा. जिथे उंचवटा असेल तिथे निळा डाग. डोळ्याला तो जॉब आरशासारखा सपाट दिसत असतो बरं का. मग डागापुरतंच स्क्रेपरने खरवडायचं, पुसायचं, पुन्हा घासायचं. दहा वेळा, वीस वेळा. घाई केली तर खड्डा पडतो आणि सगळंच पुन्हा उतरवावं लागतं. शास्त्र वाचताना मला हेच होताना दिसतं. 'शत्रूवर प्रीती करा' ही ओळ मी वाचतो आणि भावाशी असलेल्या जागेच्या वादावर निळा डाग उमटतो. तो उमटला की त्या दिवसाचं वाचन संपलं. आता खरवडायचं.

काही ठिकाणी पाय घसरतो. मी घसरलेला आहे, म्हणून सांगतो.

बायबलला कौल लावू नका. डोळे मिटून पान उघडायचं, बोट ठेवायचं आणि नोकरी बदलू का, याचं उत्तर घ्यायचं, हा प्रकार फार चालतो. ऑगस्टिनला ३८६ साली मिलानच्या बागेत 'घे, वाच' असा आवाज आला आणि उघडलेल्या ओळींनी त्याचं आयुष्य फिरलं, हे खरं. पण त्याआधी कित्येक वर्षं तो आतून उसवत होता. आपण लिफ्टमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर ते करतो.

'मीच देव' या वाक्याची घाई करू नका. तुम्हाला अद्वैताची ओळख असणार, त्यामुळे हे सांगणं भाग आहे. एकहार्ट जिवाच्या तळाशी देव जन्मतो असं इतक्या धीटपणे बोलला की १३२९ मध्ये, तो वारल्यानंतर, पोपच्या फर्मानात त्याची २८ विधानं दोषी किंवा शंकास्पद ठरली. ख्रिस्ती परंपरेतला लाडका दाखला लोखंडाचा आहे: भट्टीत लोखंड लालबुंद होतं, विस्तवासारखंच दिसतं, चटकाही तसाच देतं, आणि तरी ते लोखंडच असतं. वेदान्ती मित्र यावर हसतील. हसू द्या. दोन्ही एकच, असं पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं तर दोन्हींतलं काहीच हाती लागत नाही. येशूचा प्रेषित पौल गलतीकरांना पत्रात लिहितो, 'आता मी जगतो असं नाही, ख्रिस्त माझ्यामध्ये जगतो'. या ओळीत 'मी' किती उरला आहे, हे तुम्हीच पुटपुटून पाहा.

आणि कोरडेपणा येणार. तीन-चार महिन्यांनी येतोच. तेच पान, तेच शब्द आणि आत रेती. अशा वेळी मला अव्हिलाची तेरेसा आठवते. एवढी मोठी संत, पण तिने स्वतः लिहून ठेवलंय की अठरा वर्षं पुस्तक हाताशी असल्याशिवाय प्रार्थनेला बसायचा तिला धीर होत नसे. पुढे १५५९ मध्ये स्पेनच्या धर्माधिकाऱ्यांनी स्पॅनिश भाषेतली बरीच धार्मिक पुस्तकं बंद केली, तेव्हा ती हळहळली. प्रभू तिला म्हणाला, दुःख करू नकोस, मी तुला जिवंत पुस्तक देईन. १५७७ मध्ये तिने आत्म्याच्या वाड्यावर पुस्तक लिहिलं. वाड्यात सात दालनं, सगळ्यात आत राजा, आणि बहुतेक माणसं बाहेरच्या अंगणात पहारेकऱ्यांपाशीच घुटमळत आयुष्य काढतात. घोडबंदर रोडच्या मनोऱ्यांत राहणारी आमच्या बैठकीतली एक मुलगी हे ऐकून म्हणाली, "काका, म्हणजे मी पाच वर्षं आमच्या गेटवर वॉचमनशीच गप्पा मारतेय." कोरड्या दिवसांत एवढंच करा: वेळ पाळा, आठ ओळी वाचा, उठा. झोप उडाली, आवाज ऐकू यायला लागले, माणसं नकोशी झाली, तर मात्र ते गूढ अनुभव समजू नका. वाचन थांबवून डॉक्टरांकडे जा.

बाप्तिस्म्याचं. वाचायला कोणाची परवानगी लागत नाही. हे पुस्तक चर्चच्या मांडीवर वाढलं आहे, म्हणून ते चार जणांत वाचलेलं जास्त बोलतं, हे माझं मत. पण त्या चौघांत तुम्ही ख्रिस्ती असलंच पाहिजे असं नाही. आमच्या बैठकीत एक वारकरी गृहस्थ नऊ वर्षं येतात, आषाढीला न चुकता पंढरपूरलाही जातात. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. तेही म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो. कोणी पूल ओलांडतं, कोणी पुलावर उभं राहून दोन्ही काठ बघतं. ते तुमचं तुम्ही आणि देवाने ठरवायचं, माझं त्यात काम नाही.

हरिपाठ सोडू नका, एवढं मात्र सांगतो. 'देवाचिये द्वारी उभा क्षणभरी' हे ज्याच्या जिभेवर लहानपणापासून आहे त्याला या वाचनातली अवघड गोष्ट, थांबणं, आधीच शिकवलेली असते. वर त्या सिनगॉगचं नाव आलं. शार हाशामाइम म्हणजे स्वर्गाचं द्वार. तो शब्द याकोबाचा, उत्पत्ती २८. रस्त्यात अंधार पडला म्हणून तो उशाला दगड घेऊन उघड्यावर झोपला, स्वप्नात शिडी पाहिली आणि दचकून उठून म्हणाला, परमेश्वर इथेच होता आणि मला ते ठाऊक नव्हतं. गिगोची पायऱ्यांची कल्पना याच शिडीची.

तर उद्या पहाटे योहान ४. दोन आठवडे तेच. मग पंधराव्या ओवीच्या पुढे गेलात की शेवटी २८ वी ओवी येईल: ती बाई आपली घागर तिथेच टाकून गावात जाते. आमच्या बैठकीतल्या एक बाई, कोपरीच्या, धुणीभांडी करून येतात, त्या या घागरीवर तीन गुरुवार अडल्या होत्या. चौथ्या गुरुवारी म्हणाल्या, "तिने विसरली नाही ती. त्याला पाणी प्यायचं होतं ना, त्याच्यासाठी ठेवली." मी बावीस वर्षं ती ओळ वाचतोय, मला हे सुचलं नव्हतं.